चिठ्ठीत निघालेला घोडा

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मेलबर्नला गेलो होतो. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे दीर्घ प्रवासाला दिवाळीखेरीज मुहूर्त सापडत नाही. उतरलो होतो ते मावसभावाकडे. ६ नोव्हेंबरचा मंगळवार नरकचतुर्दशीचा होता. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान झाले. पायाखाली चिरडायला कारीट मात्र नव्हते. ती उणीव मावसभावाच्या दहा वर्षांच्या लेकीने एक लिंबू पुढे करून भरून काढली. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता, रस्ते सामसूम होते आणि दुकाने बंद होती. क्षणभर आम्हांला वाटले, या शहराने आपल्या दिवाळीची सुट्टी घेतली की काय! अर्थात ती सुट्टी दिवाळीची नव्हती. एका घोड्यांच्या शर्यतीसाठी सबंध शहराने कायदेशीर सुट्टी घेतली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता होणारी ती शर्यत म्हणजे मेलबर्न कप.

मराठी मध्यमवर्गाच्या मनात 'रेस' हा शब्द कसा रुजला आहे, हे वाचकांना सांगायला नको. 'तो रेसला जातो' एवढे एक वाक्य ठरत आलेले लग्न मोडायला पुरेसे असे. घोड्यांवर उडालेले पैसे, गहाण पडलेले दागिने, उद्ध्वस्त झालेले घर हीच आपल्याकडची शर्यतीची कथा. तरीही या दोन मुलखांमधले धागे आपण समजतो त्याहून जुने आहेत. १८८३ साली सुरू झालेल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सची आखणी मेलबर्नमधील कॉलफील्डच्या मैदानाबरहुकूम झाली, असे सांगतात. १९४७ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या घोड्याने इंग्लंडमधली सेंट लेजर ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. घोड्याचे नाव होते 'सयाजीराव' आणि त्याच्या पाठीवर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. तेव्हा आम्ही या उत्सवात अगदीच परके नव्हतो, असे म्हणायला जागा आहे.

दुपारी शेजारच्या घरी आमंत्रण होते. मैदानावर न जाणारे लोक हा दिवस कसा साजरा करतात, ते तेथे पाहायला मिळाले. बायकांच्या डोक्यावर पिसे व फुले लावलेल्या टोप्या होत्या, मेजावर केक व शॅम्पेन होती, आणि त्यांच्या शेजारी आमच्या घरून गेलेली चकली व शंकरपाळी. मुख्य कार्यक्रम होता 'स्वीप'चा. शर्यतीत धावणाऱ्या २४ घोड्यांच्या नावांच्या २४ चिठ्ठ्या एका टोपीत टाकायच्या, प्रत्येकाने ठरलेली रक्कम देऊन एक उचलायची आणि ज्याचा घोडा जिंकेल त्याला जमलेल्या पैशांतला मोठा वाटा द्यायचा. त्या घरचा आणखी एक नियम होता. ज्याचा घोडा सर्वांत शेवटी येईल त्याला त्याचे पैसे परत. हरणाऱ्याचीही बूज राखणारा हा नियम आम्हांला फार आवडला. आमच्या वतीने पुतणीने टोपीत हात घातला. चिठ्ठीवर नाव होते 'द क्लिफ्सऑफमोहर'. आयर्लंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवरून ठेवलेले ते नाव तिने दोनतीनदा म्हणून पाहिले आणि घोडा आपलासा केला.

शर्यतीला अवकाश होता, तेवढ्यात यजमानांनी आम्हांला तिची कथा सांगितली. पुढे परतल्यावर आम्ही ती पुस्तकांत ताडून पाहिली. ऐकलेली कथा आणि वाचलेला इतिहास यांत जे अंतर पडले, तोच या लेखाचा विषय आहे.

१८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडले आणि दहा वर्षांत मेलबर्न श्रीमंत झाले. नव्या श्रीमंतीला नवा दिमाख हवा असतो. व्हिक्टोरिया टर्फ क्लबचे फ्रेडरिक स्टँडिश यांच्या कल्पनेतून दोन मैलांची ही शर्यत निघाली. मॅरिबर्नाँग नदीकाठच्या फ्लेमिंग्टनच्या मैदानावर ७ नोव्हेंबर १८६१ रोजी ती प्रथम धावली गेली. बक्षीस होते ७१० सॉव्हरिन आणि एक सोन्याचे घड्याळ. घोडे १७ आणि प्रेक्षक सुमारे ४,०००. गर्दी अपेक्षेहून कमी होती, याचे कारण त्या आठवड्यात शहर सुतकात होते. खंड दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मृत्यूची वार्ता नुकतीच येऊन थडकली होती. त्या मोहिमेचे उंट कराचीहून जहाजाने आले होते आणि त्यांच्यासोबत आपल्या उपखंडातले उंटवालेही. बर्क आणि विल्स यांचे पुतळे उभे राहिले; उंटवाले तळटीपेत गेले.

त्या पहिल्या शर्यतीत एक घोडा सुरुवातीआधीच उधळला, तीन धावताना कोसळले आणि त्यांपैकी दोन मेले. जिंकला तो न्यू साउथ वेल्सहून आलेला आर्चर. पुढच्या वर्षी, १८६२ सालीही तोच जिंकला. यजमानांनी आम्हांला सांगितले की, आर्चर शर्यतीसाठी नाउराहून मेलबर्नपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर पायी चालत आला आणि येऊन जिंकला. ही कथा तिथे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. वस्तुतः आर्चर सिडनीहून आगबोटीने आला होता. परंतु आगबोटीत उभा असलेला घोडा कोणाच्या कल्पनेला चेतवणार? अफाट, निर्जन भूमी पायी तुडवणारा घोडा वसाहतींना हवा होता, कारण त्या भूमीने नुकताच त्यांच्या दोन माणसांचा बळी घेतला होता. बर्क आणि विल्स जिथे हरले, तिथे घोडा जिंकला, असा दोन घटनांचा सांधा आम्ही जुळवतो. तो आमचा तर्क आहे. पण दंतकथा अशाच जखमेवर धरलेल्या खपलीसारख्या असतात, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. त्या दोन मेलेल्या घोड्यांविषयी मात्र दंतकथा तयार झाली नाही. त्या दुपारी आम्हांला त्यांच्याविषयी कोणी काही सांगितले नाही.

१८६३ सालचा प्रसंग दंतकथेहून रंजक आहे. आर्चरच्या प्रवेशाला संमती देणारी तार मेलबर्नला सुट्टी असल्यामुळे उशिरा पोहोचवली गेली. क्लबने नियमावर बोट ठेवून घोडा नाकारला. संतापलेल्या सिडनीकरांनी आपले घोडे मागे घेतले आणि त्या वर्षी केवळ सात घोडे धावले. ज्या शर्यतीने पुढे स्वतःची सुट्टी मिळवली, तिचा हा पहिला मोठा कलह एका सुट्टीनेच घडवून आणला, हा इतिहासाचा मिस्कीलपणा.

१८७५पासून मंगळवार ठरला आणि १८७७पासून मेलबर्नमध्ये या दिवसाची सार्वजनिक सुट्टी रूढ झाली. ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र १९०१ साली जन्मले. म्हणजे राष्ट्राच्या आधी त्याचा सण आला. १८९५ साली या वसाहतींतून फिरलेल्या मार्क ट्वेनने तेव्हाच हे हेरले होते. 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात त्याने कपचा दिवस हाच या लोकांचा राष्ट्रीय दिवस असल्याचे म्हटले आहे. तोच ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याच पुस्तकात मुंबईची रंगीबेरंगी वर्णने आली.

एखादी शर्यत राष्ट्राचा सण का व्हावी? एक उत्तर तिच्या रचनेत सापडते. ही 'हँडिकॅप' पद्धतीची शर्यत आहे. घोडा जितका गुणी, तितके अधिक वजन त्याच्या पाठीवर लादले जाते, म्हणजे सामान्य घोड्यालाही जिंकण्याची आशा राहते. १८९० साली कार्बाइन हा घोडा सुमारे ६६ किलो घेऊन ३९ घोड्यांत पहिला आला. वरचढाला ओझे आणि दुबळ्याला संधी, ही कल्पना समतेचा अभिमान बाळगणाऱ्या नव्या समाजाला मानवली असावी. समतेचा हा हिशेब घोड्याच्या पाठीवर मांडलेला होता, एवढेच.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण फार लॅप. जन्म १९२६ साली न्यूझीलंडमध्ये. आकाशातली वीज अशा अर्थाच्या आशियाई शब्दावरून त्याचे नाव पडले. ते सुचवले एका चिनी वंशाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, आणि तेही श्वेतेतरांना दारे बंद करणाऱ्या धोरणाच्या काळात. महामंदीने कारखाने बंद पडत होते, माणसे रांगेत उभी राहत होती आणि हा तांबूस घोडा जिंकत होता. १९३०च्या कपआधीच्या शनिवारी पहाटे त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो वाचला, त्याच दिवशी एक शर्यत जिंकला आणि मंगळवारी कपही. १९३१ साली त्याच्यावर ६८ किलो लादले गेले आणि तो आठवा आला. एप्रिल १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात तो अकस्मात मेला. त्याच्या केसांत आर्सेनिकची मोठी मात्रा आढळल्याचे शास्त्रज्ञांनी २००८ साली जाहीर केले. त्याचे कातडे मेलबर्नच्या संग्रहालयात, हृदय कॅनबेरात आणि सांगाडा वेलिंग्टनमध्ये आहे. संतांच्या अस्थी जशा वाटून घ्याव्यात, तसा दोन देशांनी एक घोडा वाटून घेतला.

तीन वाजले. टेलिव्हिजनसमोर सारे उभे राहिले. दारे उघडली, घोडे सुटले. पहिल्याच टप्प्यात एक घोडा कळपातून मागे पडला आणि थांबला. कॅमेरा पुढे गेला. सुमारे साडेतीन मिनिटांत इंग्लंडहून आलेला क्रॉस काउंटर जिंकला. कोणीतरी ओरडले, पेले भरले गेले. आम्हीही टाळ्या वाजवल्या. निकालाची यादी झळकली तेव्हा पुतणी चिठ्ठी घेऊन आमच्याजवळ आली.

"काका, आपला शेवटचा आला ना? मग आपले पैसे परत मिळतील."

यादीत तो शेवटचाही नव्हता. यजमानांचा चेहरा आम्ही पाहिला होता. थांबलेला घोडा कोणता, हेही आम्हांला कळले होते. उजवा खांदा मोडला होता. अशा वेळी मैदानात हिरवा पडदा धरतात. आम्ही म्हणालो, "दमला असेल. मागे राहिला." यजमानांनी शेवटच्याचे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि कोणीही हरकत घेतली नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत त्याला मरण द्यावे लागल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळेतून परतल्यावर लक्ष्मीपूजनाच्या तयारीत तिने ते पैसे आणि चिठ्ठी आमच्यासमोर ठेवली. "तुम्हाला माहीत होतं?" एवढेच तिने विचारले. आम्ही हो म्हणालो. पैसे लक्ष्मीपुढे ठेवायला तिने नकार दिला.

शब्दांवर उपजीविका करणाऱ्या आम्हां दोघांना 'दमला असेल' या तीन अक्षरांच्या आणि एका क्रियापदाच्या वाक्याने नंतर बराच काळ छळले. आर्चर पायी आला, हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले असेल? कदाचित तोही आमच्यासारखाच एखाद्या मुलाला समजावत असेल. खोटे बोलण्याचा हेतू नसतो, सण मोडू नये एवढीच इच्छा असते. आणि सण न मोडण्यासाठी सांगितलेली वाक्येच पुढे इतिहास म्हणून शिल्लक राहतात.

क्लिफ्सऑफमोहर एकटा नव्हता. २०१३ साली व्हेरेमाचा पाय मोडला. २०१४ साली अ‍ॅडमायर राक्ती शर्यतीनंतर आपल्या ठाणावर कोसळला. त्याच दिवशी अराल्डो हा घोडा प्रेक्षकांतल्या एका फडकत्या झेंड्याला बुजला, पाय मोडून बसला आणि मेला. २०२० साली अँथनी व्हॅन डाइक गेला. त्यानंतर, २०२१पासून, परदेशी घोड्यांच्या पायांची सीटी स्कॅन तपासणी सक्तीची झाली आणि नियम कडक झाले. कपवर बहिष्कार घालणाऱ्यांचा आवाजही वाढला आहे. दुसरीकडे याच शर्यतीने २०१५ साली मिशेल पेन या स्त्री जॉकीला प्रथमच विजयी होताना पाहिले, तेही १००ला १ असा भाव असलेल्या घोड्यावर. उत्सव बदलतात, पण पडद्यामागे काय आहे असे विचारणारे कोणी असले, तरच बदलतात.

परदेशी सणाकडे बोट दाखवणे सोपे असते. आम्ही परतलो तेव्हा महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती बंद होत्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली ती बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परंपरा, शेतकऱ्याचे बैलावरचे प्रेम, गावाची यात्रा हे सारे खरे आहे, आणि शेपटी पिरगाळणारा हातही खरा आहे. आपल्या वर्गातला विद्यार्थी त्याविषयी विचारील तेव्हा आपण कोणते वाक्य उच्चारणार?

निघण्यापूर्वी आम्ही पुतणीला घेऊन फार लॅप पाहायला गेलो. काचेमागे तो चकचकीत, सावध, कान टवकारलेला उभा आहे. लोक हळू आवाजात बोलतात. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, आपल्या घोड्याला कुठे ठेवले आहे. या वेळी आम्ही सांगितले, कुठेही नाही. तेव्हा तिने दप्तरातून ती चिठ्ठी काढून आमच्याकडे दिली. ती आमच्या घरी एका शब्दकोशात आहे.