वार ओढायची नाही: पोटातल्या गर्भाच्या उपचारांचा इतिहास

आज ज्या गर्भारपणाबद्दल बोलायचं आहे ते फार दुर्मिळ. साधारण दहा हजार बाळंतपणांत एखादं. यात गर्भ पिशवीत न रुजता पोटाच्या पोकळीत रुजतो आणि वार आतड्याला किंवा त्यावरच्या चरबीच्या पडद्याला चिकटते. बहुतेकदा सुरुवातीलाच रक्तस्राव होऊन हे लक्षात येतं. पण क्वचित दिवस भरत आले तरी कुणाला पत्ता लागत नाही.

वैद्यकाला हे जुनं ठाऊक आहे. दहाव्या शतकात कोर्डोबाच्या अल-झहरावीने एका बाईची हकिकत लिहिली. तिच्या बेंबीजवळ गळू झालं आणि त्यातून गर्भाची हाडं बाहेर आली. बाई वाचली, पण ती निसर्गाने. शस्त्रक्रियेची वाट खुली झाली १८८३ मध्ये. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी गर्भनलिका फुटलेल्या बाईचं पोट उघडलं. पहिली रुग्ण रक्तस्रावाने दगावली. टेट यांनी मग पद्धत बदलली, आधी रक्तवाहिन्या बांधायच्या. पुढच्या बाया वाचू लागल्या.

पण दिवस भरलेल्या पोटातल्या गर्भाला एवढं पुरत नाही. का, ते बघा. नेहमीच्या बाळंतपणात वार सुटली की गर्भपिशवीचे स्नायू आवळतात आणि उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. आतड्याला असे स्नायू कुठे आहेत? तिथली वार ओढली तर रक्त थांबतच नाही. म्हणून सर्जन शिकले ते हात आवरायला. मूल काढायचं, नाळ वारेजवळ बांधायची, आणि रक्तपुरवठा नीट बांधता येत नसेल तर वार आतच ठेवायची. शरीर ती हळूहळू जिरवतं. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो, तरी तो रक्तस्रावापेक्षा परवडतो.

आता आपल्या विदर्भात या. २०१४ मध्ये नागपूरच्या एन. के. पी. साळवे संस्थेत डॉक्टरांनी साठीतल्या एका बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढला. छत्तीस वर्षं तो आत होता! १९७८ मध्ये गर्भ वाचणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, असं तिला सांगितलं होतं. ती घाबरली आणि गावी परतली. म्हणजे रोग कळला होता, उपायही होता. आडवी आली ती भीती.

आणि ती भीती अंतराने वाढते. त्या काळी यवतमाळच्या बाईला मोठं रुग्णालय म्हणजे नागपूरचं मेडिकल, नाहीतर सेवाग्राम. जिल्ह्याला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय मिळालं १९८९ मध्ये, वसंतराव नाईकांच्या नावाचं. पण झरी-जामणीतल्या एखाद्या पोडावरून यवतमाळ आजही जवळ नाही.

म्हणून खरी कसोटी ऑपरेशनच्या टेबलाआधीच लागते. बाळ हलताना आईला दुखतं, बाळ सतत आडवं राहतं, कळांची औषधं देऊनही पिशवीचं तोंड उघडत नाही. या खुणा दिसल्या की पुन्हा नीट सोनोग्राफी हवी. बाळाभोवती पिशवीची भिंत दिसते का, हे मुद्दाम बघावं लागतं. शंका राहिली तर एमआरआय. आणि बाईला पुढे पाठवायचं ते जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि भरपूर रक्त एका छताखाली तयार आहे तिथेच. सोबत घरचं माणूस हवं, आणि ऑपरेशन कशासाठी हे तिला तिच्या भाषेत सांगणारं कुणीतरी. १९७८ मध्ये नेमकं तेवढंच कमी पडलं होतं.