तिथं आपलं कोण आहे?

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून तुम्ही किल्ल्याकडे जाणारी रिक्षा धरता. परवा रात्री विमान आहे. बॅग भरून झाली, सुकेळ्यांची पुडी सगळ्यात वर ठेवून झाली. आठवडाभर घरी जो येतो तो एकच विचारून जातो: जपानला शिकायला चाललास ते चांगलंच, पण तिथं आपलं कोण आहे? शेजारच्या मावशींनी तर तीनदा विचारलं. तुमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आज इथं आलात.

तटाच्या आत, झाडोऱ्यातून वाट काढत तुम्ही येशू संघाच्या जुन्या चर्चसमोर उभे राहता. दर्शनी भाग उंच उभा आहे, मागे छप्पर नाही. दगडाला हात लावता, तो उन्हानं तापलेला आहे. कमानीखालून आत पाऊल टाकता आणि हाताला ओला चुना लागतो.

हे 1572 साल आहे. तहात वसई पोर्तुगिजांकडे गेली त्याला 38 वर्षं झाली आहेत. आतून पोरांचा पाठ म्हणण्याचा आवाज येतोय. त्यातला एक पंधरा-सोळा वर्षांचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. गुरू त्याला जपानला घेऊन निघाले आहेत. त्याचं नाव तुम्हाला चांगलं माहीत आहे, कॉलेजची तीन वर्षं ते तुमच्या ओळखपत्रावर होतं. पण जी. जी. कॉलेज म्हणताना त्या दोन अक्षरांमागे एक पोरगा उभा आहे, हे कधी जाणवलं नव्हतं. गोन्सालो गार्सिया. तुम्ही त्याच्या मागोमाग गलबतावर चढता.

प्रवासाचं काय सांगावं? गोवा, कोची, मलाक्का, मकाव. वारा फिरला की निघायचं, पडला की थांबायचं. खारं पाणी, कीड लागलेली बिस्किटं, आणि बंदरात नुसतं बसून काढलेले महिने.

नागासाकी लागतं तेव्हा शहर असं फारसं नाहीच. पोर्तुगीज जहाजांसाठी हे बंदर खुलं होऊन एकच वर्ष झालंय. डोंगरांच्या कुशीत पाणी, चार रस्ते, नव्या लाकडाचा वास. धक्क्यावर उतरता आणि कानावर आदळणाऱ्या भाषेतला एक शब्द कळत नाही. पोटात खड्डा पडतो. परवाच्या विमानानंतर हेच होणार आहे, ही भीती तुम्ही सोबतच घेऊन आला आहात.

त्या पोराकडे बघा. तो बोलत नाही, ऐकतोय. महिना जातो, दोन महिने जातात, आणि तुमच्याही ध्यानात एक गोष्ट येते. या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. 'नागासाकी नि' म्हणजे नागासाकीला. आपला 'ला' जसा नावाला चिकटतो, तसा त्यांचा 'नि'. लहानाशी बोलायचं एक रूप, मोठ्याशी दुसरं, आणि फारच मोठ्याशी तिसरं: तू, तुम्ही, आपण. आजचा जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' लावतो, थंडी आहे ने? आपण तिथं 'नं' लावतो, थंडी आहे नं? पोर्तुगीज पाद्र्यांना ही भाषा फार जड जात होती. मिशनचे त्या वेळचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांना तर ती युरोपियन माणसाला नीट येईल असा भरवसाच नव्हता. वसईच्या पोराला मात्र ती भराभर आली, असं त्याची चरित्रं सांगतात. त्याच्या आईच्या बोलीनं त्याला आतून हात दिला असणार, असं मला मनापासून वाटतं. बापाच्या भाषेनं त्याला पाद्र्यांच्या जेवणाच्या टेबलाशी जागा दिली. शेजाऱ्यांच्या चुलीपर्यंत नेलं ते आईकडच्या कानानं.

आणि एक दिवस कुणीतरी तुमच्या हातावर भाजलेला तुकडा ठेवून म्हणतं, 'पान'. पोर्तुगिजांचा 'पाँव'. वसईत त्याचा पाव झाला, जपानात पान झाला. परक्या गावात इतकं ओळखीचं काही हाताला लागलं की डोळ्यांत पाणी येतं.

तो आठ वर्षं लोकांना धर्म शिकवत फिरला. स्वभाव लाघवी, माणसं त्याला धरून असायची. मग व्यापारात पडला, तिथंही जम बसला. त्यातून मनिलाला जाणं-येणं सुरू झालं, तिथं फ्रान्सिस्कन साधूंशी गाठ पडली, आणि चांगला चाललेला धंदा सोडून त्यानं त्यांचा झगा अंगावर चढवला. 1593 मध्ये त्यांच्यातले पेद्रो बाउतिस्ता मनिलाच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा दुभाष्या म्हणून सोबत तोच होता. क्यूशूमधल्या नागोया किल्ल्यात, कोरियाच्या मोहिमेसाठी जमलेल्या फौजांच्या गराड्यात, जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी बसलेला. त्याचा शब्द आणि परक्यांचं उत्तर यांच्यामध्ये वसईचा माणूस उभा.

आता क्योतोला चला. त्या काळी त्याला नुसतं मियाको, राजधानी म्हणत. 1594. फ्रान्सिस्कनांनी इथं चर्च बांधलंय आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना. मागच्या अंगणात तुम्ही उकिडवे बसून जखमांवरच्या पट्ट्या धुताय. हिवाळ्याच्या पाण्यानं बोटं बधिर झाली आहेत. शेजारी बसलेल्या बाईनं तुमच्या पट्टीकडे बघून नापसंतीनं मान हलवली, तुमच्या हातून ती ओढून घेतली आणि पिळायची कशी ते दाखवलं. मग ती शेजारणीशी काहीबाही बोलू लागली, तुम्ही तिथंच आहात याची फिकीर न करता.

हा क्षण धरून ठेवा. परक्या मुलखात पाहुण्याशी सगळेच गोड बोलतात, हवापाण्याचं बोलतात. पण तुमच्यासमोर कुणी आवाज खाली न आणता तिसऱ्याची निंदानालस्ती सुरू केली, की समजा, तुम्ही घरातले झालात. जपानीत या बोलण्याला 'उवासा' म्हणतात. कोकणात आपण म्हणतो, गजाली.

आणि गजाली तरी कसल्या! 1595 च्या उन्हाळ्यानंतर तर त्यांना अंतच नाही. हिदेयोशीनं आपल्याच पुतण्याला, हिदेत्सुगुला, पोट फाडून घ्यायला लावलं. त्याच्या बायका-मुलांना सान्जोच्या नदीकाठी लोकांदेखत मारलं. ते सांगताना बाईचा हात पाण्यात थांबतो. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात भूकंप येतो, फुशिमीचा किल्ला कोसळतो, राजधानीतला महाबुद्धही भंगतो. हे कशाचं लक्षण, यावर पडवी-पडवीत बोलणं चालतं. जपानीत म्हण आहे, भिंतीला कान आणि शोजीला डोळे. शोजी म्हणजे कागदी सरकतं दार. कागदाला एक बोट लावलं की भोक.

मग ऑक्टोबर 1596. शिकोकूच्या किनाऱ्यावर, उरादो इथं, मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं 'सान फेलिपे' हे मालानं भरलेलं स्पॅनिश जहाज फुटतं. हिदेयोशीचे अधिकारी माल जप्त करतात. आणि राजधानीत एक बोलणं पोचतं: म्हणे जहाजाच्या सुकाणूवाल्यानं नकाशा उलगडून दाखवला, स्पेनचं राज्य केवढं ते सांगितलं. कसं मिळवलं विचारल्यावर म्हणे बोलला, आधी पाद्री जातात, मागून फौज. तो असं खरंच बोलला का, यावर तेव्हापासून वाद आहे. स्पॅनिशांनी पोर्तुगिजांकडे बोट दाखवलं, पोर्तुगिजांनी स्पॅनिशांकडे. मला त्यातली सगळ्यात वेदनेची गोष्ट वेगळीच वाटते. दोन भाषांमधल्या शब्दाला शब्द जुळवण्यात गोन्सालोचं आयुष्य गेलं, आणि त्याच्या जिवावर उठलं ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडचं, दुसऱ्याच कुणी भाषांतर केलेलं, दूरच्या किनाऱ्यावरचं एक वाक्य.

त्या दिवसांत तुम्ही अंगणात येता आणि बायकांचं बोलणं थांबतं. एक जण पाण्याकडे बघते. दुसरी उगाच उठून आत जाते. गेली दोन वर्षं तुमच्यादेखत सगळं बोलणाऱ्या या बाया आज गप्प आहेत, कारण आजची गजाल तुमची आहे.

डिसेंबरात हिदेयोशीच्या हुकमानं मठाभोवती पहारा बसतो. अधिकारी यादी वाचतो. मठातला मथियास नावाचा माणूस बाजारहाटाला गेलेला, हाकेला ओ येत नाही. शिपाई पुन्हा ओरडतात. तेव्हा शेजारातून एक जण पुढं येतो आणि म्हणतो, तो मी नव्हे, पण माझंही नाव मथियास आणि मीही ख्रिस्ती. त्याला धरतात. त्याच्याविषयी याहून फार काही लिहिलेलं सापडत नाही. पण तिथं आपलं कोण आहे, असं कुणी विचारलं तर मला पहिला हा माणूस आठवतो.

बांधलेल्यांकडे नीट पाहा. शेवटी 26 झाले, त्यांतले 20 जपानी. कोस्मे ताकेया, तलवारी घासणारा. मिगेल कोझाकी आणि त्याचा चौदा वर्षांचा तोमास. योआकिम साकाकिबारा, आचारी. पाउल सुझुकी, दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करणारा. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. ज्यांच्या घरी बसलो, ज्यांच्या हातचं खाल्लं, तीच ही माणसं.

3 जानेवारी 1597. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्यानं तो डाव्या कानावर आणला. पाळीच्या टोकाशी पातं टेकतं. रक्त मानेवरून झग्याच्या गळ्यात उतरतं, थंडीत लगेच थिजतं. तो कान तुम्ही वसईपासून ओळखता. धक्क्यावर एकही शब्द कळत नव्हता तेव्हा वारा कापत आलेला प्रत्येक आवाज त्यानं टिपला होता. गर्दीतून काही जण पुढं होतात आणि जमिनीवरचे तुकडे हलकेच उचलून कापडात बांधतात.

मग महिनाभर चालणं. क्योतो, ओसाका, साकाई आणि तिथून पश्चिमेला, गावोगावी लोकांना दाखवत. वाटेत मिहाराला छोटा तोमास आईला पत्र लिहितो. 5 फेब्रुवारीला नागासाकीची निशिझाका टेकडी. खाली तेच बंदर, पंचवीस वर्षांपूर्वी पोटात खड्डा पडला होता तेच पाणी. सगळ्यात आधी क्रुसावर चढवलं ते वसईकराला, अशी परंपरा सांगते. तो चाळिशीचा होता.

पुढं सहाच वर्षांत, 1603 मध्ये, त्याच नागासाकीत पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापायला घेतला. त्यात 32 हजारांवर शब्द आहेत. हे शब्द कोणकोणत्या अंगणांतून, कोणकोणत्या कानांनी गोळा केले गेले असतील, याचा विचार मी अनेकदा करते. 1862 मध्ये रोमनं त्या 26 जणांना संत ठरवलं. 1962 मध्ये टेकडीवर शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी त्यांची ब्राँझची रांग उभी केली. पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटं खाली लोंबतात.

तळहाताला पुन्हा तापलेला दगड लागतो. छप्पर नाही, वर आकाश. पाचूबंदराकडून सुक्या बोंबलांचा वास येतोय, आणि लांबून रिक्षाचा भोंगा.

घरी पोचता तेव्हा मावशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या असतात. चौथ्यांदा विचारतात, "काय रे बाळा, तिथं आपलं कोण आहे?"

"आहेत एक, मावशी. नागासाकीला. आपल्या वसईचेच."

त्यांचे हात थांबतात. सूप बाजूला सरकतं, ओट्यावर बसायला जागा होते.

"वसईचे? कुणाकडचे? बस इथं, नीट सांग."