वाड्याची वाटणी

भाऊबंदकीचा इतिहास आपण पेशवाईपासून वाचतो. सख्ख्या भावंडांमधील अबोल्याचा इतिहास मात्र आम्हांला नाटकांतच सापडतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांनी १९८५ साली रंगभूमीवर आणले. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांच्या घरी वडील निवर्ततात आणि तेराव्याच्या खर्चावरून भावांमधील जुनी अढी उघडी पडते. थोरल्या भास्करला वाटते, मुंबईकर सुधीर जबाबदारी टाकून सुटला. सुधीरला वाटते, थोरल्याने सारे आपल्या हाती ठेवले. शिकू न दिलेली बहीण प्रभा कोणाच्याच हिशेबात नसते.

आमच्या शिरगाव-बदलापूरकडे १८५६ साली आगगाडी आली. एक भाऊ तिने नोकरीला जावा आणि दुसऱ्याने म्हातारे आईवडील सांभाळावेत, ही कथा आम्हांलाही परकी नाही.

१९९४ साली महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबातील अविवाहित मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. आधीच लग्न झालेल्या बहिणी २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत वगळलेल्याच राहिल्या. आम्हां ख्रिस्ती घरांत १९२५ च्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान आहेत. तरी अबोला आमच्याकडेही आहेच. कायदा भिंती वाटून देतो. म्हाताऱ्यांच्या उशाशी कोण जागले, याची दाद मात्र भावंडांनीच एकमेकांना द्यावयाची असते, आणि तीही तेराव्याची किंवा मासिक मिस्साची वाट न पाहता.