'गाझी'ची जलसमाधी

युद्धाचा इतिहास विजयाच्या तारखांनी स्मरणात राहतो. त्या तारखांखाली कोण गाडले गेले, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. भूमीवर पडलेल्या सैनिकाला निदान मातीचा आसरा लाभतो. पाणबुडीतील नाविकाच्या नशिबी तोही नसतो. १९७१च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानी 'गाझी' पाणबुडीची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

घटना पूर्व किनाऱ्यावरची असली, तरी तिचे धागे आपल्या किनाऱ्याशी जुळलेले आहेत. 'गाझी' ही मूळची अमेरिकन नौदलाची 'डायब्लो'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. १९६४ साली ती भाडेकराराने पाकिस्तानला मिळाली. १९६५च्या युद्धात ती मुंबईसमोरच्या समुद्रात टपून बसली होती. त्या वेळी भारताजवळ एकही पाणबुडी नव्हती. आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' १९६७च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाली.

१९७१ साली 'गाझी'चे लक्ष्य होते आपली विमानवाहू नौका 'विक्रांत'. ठाणे-कल्याण परिसरातील कुटुंबांना हे नाव परके नाही. १९९७ साली निवृत्त झाल्यावर ही नौका मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली ती मोडीत निघाली. युद्धाच्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडे गेल्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तिला पूर्वेकडे हलवण्यात आले. तेथवर पोहोचण्याइतका दीर्घ पल्ला पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्यांना नव्हता. म्हणून जुन्या 'गाझी'वरच ही कामगिरी पडली. कमांडर जफर मुहम्मद खान यांच्या नेतृत्वाखाली १४ नोव्हेंबर रोजी तिने कराची सोडली.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी 'विक्रांत' अंदमानकडे धाडली आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा आभास निर्माण केला. फसवे बिनतारी संदेश गेले, बंदरात मोठ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली गेली. ३ डिसेंबरच्या रात्री 'राजपूत' ही विनाशिका बंदराबाहेर पडली व तिने पाणबुडीविरोधी स्फोटके टाकली. मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट शहरात ऐकू आला. पुढे मच्छीमारांना तरंगणारे अवशेष सापडले. 'गाझी' बुडाली होती. आत ९०हून अधिक माणसे होती. त्यांतला एकही वाचला नाही.

भारतीय नौदलाने हे श्रेय 'राजपूत'ला दिले. पाकिस्तानने अपघाताचे कारण पुढे केले. पाणबुडीने स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगाने तिचा घात केला, असेही काही अभ्यासक मानतात. कारणाविषयी मतभेद असले, तरी मृतांच्या संख्येने त्यांत फरक पडत नाही.

या घटनेला आठवडाही लोटला नव्हता. मुंबईहून निघालेली आपली 'खुकरी' ही फ्रिगेट ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी 'हंगोर' पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना वाचण्याची संधी दिली आणि स्वतः नौकेबरोबर जलसमाधी स्वीकारली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवला 'खुकरी'चे स्मारक उभे आहे.

एका आठवड्यात दोन्ही देशांच्या कित्येक घरांत सारखाच आकांत झाला. विशाखापट्टणमच्या समुद्राने हे पूर्वीही पाहिले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये 'आरओ-११०' ही जपानी पाणबुडी तेथेच बुडवली गेली. तिचेही नाविक परत गेले नाहीत.

आपल्या शौर्याचा अभिमान आपण बाळगावाच. पण नोव्हेंबरात दफनभूमीत मेणबत्त्या लावताना, ज्यांच्या नावे एकही कबर नाही अशांसाठीही आपण प्रार्थना करतो. त्यांत 'खुकरी'ची माणसे येतात, तशी 'गाझी'चीही येतात. कराचीतील एखाद्या आईनेही कित्येक वर्षे दाराकडे डोळे लावले असतील, हे ज्या इतिहासाला दिसते तोच इतिहास मुलांच्या हाती द्यावा, असे आम्हांस वाटते.