चालत्या घराचे सांधे
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

पाणी घरात शिरतं ते बहुतेक वेळा सांध्यातून. छप्पर आणि भिंत जिथे भेटतात, खिडकीची चौकट जिथे भिंतीत बसते, तिथे त्याला वाट सापडते. कोकणातल्या कौलारू घराने हा प्रश्न उताराने सोडवला. वरचं कौल खालच्या कौलावर चढतं, पाणी ओघळून अंगणात पडतं, मध्ये काही चिकटवावं लागत नाही. पण हे घर एका जागी उभं असतं म्हणून हे जमतं. घरच चालू लागलं तर?

मी ज्या चालत्या घराबद्दल बोलणार आहे त्याला मोटरहोम म्हणतात. मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. त्यात खाट असते, चूल असते, मोरी असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याही कानावर पडू लागला. युरोप-अमेरिकेत मात्र अशी घरं घेऊन हिंडणारी कुटुंबं कित्येक पिढ्यांची आहेत. त्यांतले बरेच मालक वर्षातून एकदा तरी शिडी लावून छपरावर चढतात, बाहेरचे सांधे तपासतात आणि गरज पडली तर जुना लेप खरवडून नवा भरतात. एवढंसं काम. पण त्याचा इतिहास मोटारीहून फार जुना आहे, कारण माणसाचं पहिलं चालतं घर पाण्यावरचं होतं.

हजरत नूह यांच्या नौकेची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बायबलमधल्या कथेत त्या नौकेला आतून-बाहेरून डांबर फासण्याची आज्ञा आहे. कुरआनात तिचं वर्णन येतं ते फळ्या आणि ‘दुसुर’ या दोन शब्दांनी. दुसुर म्हणजे खिळे, असं बरेच भाष्यकार सांगतात. काही जण म्हणतात, फळ्या बांधायच्या दोऱ्या. मला गंमत वाटते ती ही की, प्रलयाच्या कथेत नौकेची लांबी-रुंदी बाजूला ठेवून फळी आणि फळीला धरून ठेवणारी वस्तू, एवढंच सांगितलं आहे. एक अंग आणि एक सांधा.

हाच ‘दुसुर’ शब्द पुढे इब्न जुबैरच्या प्रवासवर्णनात भेटतो. हा स्पेनचा मुसलमान, ११८३ साली हजला निघाला. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात त्याने पाहिलेल्या नौकांना लोखंडाचा एकही खिळा नव्हता. नारळाच्या काथ्याच्या दोरीने फळ्या एकमेकींना शिवल्या होत्या, फटींत खजुराच्या लाकडाच्या काड्या ठोकल्या होत्या आणि वर तेल चोळलं होतं. त्यातही मुशीचं तेल उत्तम, असं तो नोंदवतो. तेल कशासाठी, याचं कारणही त्याने दिलं आहे. त्या समुद्रात खडक फार. लाकूड मऊ आणि लवचीक राहिलं तर नौका धक्का सोसते. सांधा घट्ट हवाच, पण तो लवायलाही हवा, हे त्या कारागिरांना पुरतं ठाऊक होतं.

ही विद्या अरबांपुरती नव्हती. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातल्या जहाजाचं चित्र आहे. त्या चित्रावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवल्या, सांध्यांत नारळाचे तंतू आणि राळ भरली. ‘कौंडिण्य’ या नावाने ते मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. दोऱ्याने शिवलेल्या सांध्यांनी अरबी समुद्र ओलांडला.

युरोपची जहाजं खिळ्यांची. त्यांच्या फळ्यांमधल्या फटींत तंतू ठासत आणि वरून उकळतं डांबर ओतत. हे काम करणाऱ्याला पोर्तुगीज भाषेत ‘कालाफाते’ म्हणतात. त्याचाच ‘कालापत्ती’ होऊन हा शब्द हिंदुस्थानच्या बंदरांत रुळला. त्याचं मूळ अरबीत की लॅटिनमध्ये, यावर कोशकारांचं एकमत नाही. बंदरातले शब्द असेच असतात. त्यांना वतन विचारू नये.

पण फटींत ठासायचे ते तंतू यायचे कुठून? इंग्लंडमध्ये ते जुन्या, डांबरलेल्या दोरखंडांतून काढत. गाठ झालेला दगडासारखा दोर बोटांनी उकलून त्याचा एकेक तंतू सुटा करायचा. हे काम तुरुंगातल्या कैद्यांना आणि अनाथाश्रमवजा गरीबखान्यांतल्या म्हाताऱ्यांना, बायकांना, मुलांना दिलं जाई. बोटं सोलून निघत. १८९५ साली ऑस्कर वाइल्डला शिक्षा झाली, तेव्हा त्या नाजूक हातांच्या लेखकालाही हे दोर उकलावे लागले. साम्राज्याची जहाजं कोरडी राहिली ती अशा बोटांच्या जिवावर. सांधा भरणारा एक आणि आत कोरडा झोपणारा दुसरा, अशी ती वाटणी होती. आपल्या किनाऱ्यावर चित्र जरा वेगळं होतं. पावसाळ्यात लाकडी होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालण्याआधी फटी तपासायच्या, कापूस ठासायचा, राळ-तेल द्यायचं. होडीत जो बसणार त्याच्याच घरचे हात त्यात असत.

समुद्रावरचं हे चालतं घर हौसेखातर जमिनीवर आणलं तेही एका दर्यावर्दी माणसानेच. गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश नौदलातला निवृत्त डॉक्टर. त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि १८८५ साली दक्षिण इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत तिच्यातून प्रवास केला. पुढच्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. गाडीला तो जमिनीवरची नौकाच म्हणे. अशा गाड्यांना पुढे कॅरव्हान हे नाव रूढ झालं. तो शब्द मुळात फारसीतला, आपल्या ओळखीचा ‘कारवाँ’.

वाँडररची भिंत महोगनी लाकडाची होती. पुढच्या काळात घोडे गेले, इंजिन आलं आणि लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढला. इथे सांध्याचं दुखणं वाढलं. सात मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. तापमान ४० अंशांनी वाढलं तर तो साधारण साडेसहा मिलिमीटर लांबतो. त्याच्याखालची लाकडी पट्टी त्याच्या पाव हिश्शानेही लांबत नाही. म्हणजे दुपारी पत्रा एकीकडे ओढतो, रात्री परत येतो. त्यात रस्त्याचे हादरे. दोघांच्या मधल्या लेपाला दिवसातून दोनदा ताण सोसावा लागतो.

पूर्वी अशा फटींत जवसाचं तेल आणि खडूची पूड यांची पुट्टी भरत. ती काही वर्षांत वाळते आणि तडकते. या लेपांना इंग्रजीत ‘मॅस्टिक’ म्हणतात. हे नाव ग्रीसच्या किओस बेटावरच्या एका झाडाच्या डिंकाचं. युनानी हकिमांच्या दुकानात ‘रूमी मस्तगी’ मिळते, ती हीच. पुढे रसायनशास्त्राने हे क्षेत्र ताब्यात घेतलं. १९३७ साली अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत स्पार्क्स आणि थॉमस या दोघांनी ब्युटाइल रबर तयार केलं. हवा सहसा पार होऊ देत नाही म्हणून ते टायरच्या ट्यूबमध्ये गेलं, आणि चिकट, न वाळणारी पट्टी होऊन चालत्या घरांच्या सांध्यांतही आलं. १९४०च्या दशकात सिलिकॉन बाजारात आलं, त्यानंतर पॉलियुरेथेनचे लेप आले.

१९६६ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीने मोटरहोम कारखान्यातल्या साखळीवर बनवायला सुरुवात केली. घरं स्वस्त झाली, मध्यमवर्गाच्या हाती आली. बाहेरून चकचकीत पत्रा, आत लाकडाची चौकट. सांध्यातून शिरलेलं पाणी लगेच दिसत नाही. ते पत्र्याच्या मागून चौकटीत उतरतं आणि तिथेच राहतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला ते लाकूड मानवू लागतं. आतल्या भिंतीवर डाग दिसतो तोवर आतली पट्टी बोटाने कुस्करावी अशी झालेली असते. अशी गाडी विकायला काढली तर तिला कवडीमोल भाव येतो, आणि निवृत्तीची पुंजी घातलेल्या एखाद्या वृद्ध जोडप्याचं ते एकुलतं घर असेल तर नुकसान पैशापुरतं राहत नाही.

म्हणून हे काम मालकाने स्वतः शिकावं, असं जाणकार सांगतात. काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. कोरडे दिवस निवडायचे. छपराची कड, कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडक्या, झरोके, बाहेरचे दिवे, सगळीकडे अंगठा दाबत फिरायचं. भिंत कुठे मऊ लागते, लेप कुठे तडकला आहे, ते पाहायचं. मग पट्टीचे स्क्रू काढून पट्टी सोडवायची आणि जुना लेप प्लॅस्टिकच्या पात्याने पूर्ण खरवडायचा. घाई इथेच नडते. जुन्यावर नवा थर फासला की काम झाल्यासारखं दिसतं, पण खालची फट तशीच राहते. आधी कोणी सिलिकॉन वापरलं असेल तर त्याचा कणही मागे ठेवायचा नाही. त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. पुसायला स्पिरिट वापरतात. छप्पर रबराचं असेल तर पेट्रोलियमची द्रावणं टाळतात, कारण त्यांनी रबर फुगतं. मग पट्टीखाली ब्युटाइलची नवी फीत, स्क्रू हळूहळू आवळायचे, कडेने बाहेर आलेला लेप कापून टाकायचा. छपरावरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप पसरणारा मऊ लेप घालायचा.

एक गोष्ट मात्र नवशिक्याने आधी समजून घ्यायला हवी. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती कारागिराची चूक नसते. चौकटीत साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात ती बुजवली तर पाणी आत उलटतं. सगळ्याच फटी वैरी नसतात, काहींमुळे घर श्वास घेतं.

मी कवितेचा माणूस, पण या इतिहासात मला रस वाटला तो एका कारणासाठी. ऐधाबच्या कारागिराचं मुशीचं तेल असो की आजची ब्युटाइलची फीत, दोघांचं म्हणणं एकच आहे. दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र ठेवायच्या तर मधला पदार्थ दोघांपेक्षा मऊ हवा. कडक लेप पहिल्या उन्हातच तडकतो. मऊ लेपही कायमचा नसतो. तो ठरावीक काळाने काढून नव्याने भरावा लागतो. आपण मराठीत घराण्यांच्या, गावांच्या, समाजांच्या बाबतीतही ‘सांधणं’ हेच क्रियापद वापरतो, ते उगाच नव्हे.

आणि दुसरी गोष्ट हातांची. शतकभरापूर्वी हा सांधा कैद्याच्या बोटांवर सोपवला होता. आज घराचा मालक शिडीवर चढतो, गुडघे टेकून जुना लेप खरवडतो, स्वतःचे हात चिकट करून घेतो. त्याला पगार मिळत नाही, कोणी शाबासकी देत नाही. पण छपराचा कोणता कोपरा कसा आहे हे त्याला ठाऊक असतं. पाऊस सुरू झाला की आत पडल्या पडल्या तो पत्र्यावरचा आवाज ऐकत राहतो, आणि त्या आवाजाची त्याला भीती वाटत नाही.