गोडादऱ्यातला शेवटचा बाक

रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती' असे लिहिले. साहेबांनी सही करताना विचारले, "कोणाचे लग्न?" मी म्हटले, "वर्गमित्राच्या मुलीचे." ते हसले. वर्गमित्राच्या मुलीचे लग्न घरगुती कसे, असे त्यांना वाटले असावे. त्यांना समजावून सांगायला टेबलावर फायली फार होत्या, म्हणून इथे लिहितो आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी, तुळशीचे लग्न आटोपल्यावर, आम्ही तिघे वर्गमित्र मडगावहून गाडीत बसलो आणि सुरतेला उतरलो. तिथून रिक्षाने गोडादरा. सुरत म्हटले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते : १६६४चा जानेवारी, घोड्यांच्या टापा, पेटलेली पेठ आणि खंदकात दडून बसलेला नव्हे तर किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार. मग १६७०ची दुसरी स्वारी. चौथीच्या पुस्तकात सुरत संपते ती तिथेच! पण मित्रहो, मराठी माणसाची सुरत तिथे संपत नाही. माझ्या मते ती तिथे सुरूही होत नाही.

दुसरी सुरत आहे १९०७ची. डिसेंबरात तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मोडले. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि गोखले. टिळक व्यासपीठावर चढले, बोलू देत नाहीत म्हणून हटेनात, आणि गर्दीतून एक दक्षिणी जोडा उडत आला तो सुरेंद्रनाथांना लागून मेहतांना लागला. खुर्च्या फेकल्या गेल्या. हे सगळे आपण वाचलेले असते. पण हेन्री नेविन्सन नावाचा एक इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, आणि त्याने एक बारीकशी गोष्ट टिपून ठेवली. टिळकांवर लोक धावून येत होते तेव्हा त्यांच्या शेजारी, दोन्ही हात पसरून, त्यांना वाचवायला गोखले उभे होते!

हे दोघे एकेकाळचे एकाच संस्थेतले. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघांनी शिकवले, तिथेच दोघांचे बिनसले. विरोध इतका की पुढे काँग्रेसची दोन शकले झाली. पण अंगावर लोक आले तेव्हा हात आपोआप पसरले गेले. १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात उभे राहून त्यांच्याविषयी गौरवाने बोलले.

त्याहून जवळची गोष्ट टिळक-आगरकरांची. दोघेही १८५६चे, दोघे डेक्कन कॉलेजात बरोबरीचे. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे त्यांनी कॉलेजातच ठरवले. (सरकारी नोकर असून हे लिहिताना मला जरा संकोच होतो. असो.) १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१मध्ये 'केसरी', आणि १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे एकत्र डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस. पुढे सामाजिक सुधारणेवरून फाटले. १८८७ला आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ला 'सुधारक' काढला, आणि दोन मित्र एकमेकांवर छापील दगड मारू लागले. १८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले, वय वर्षे अडतीस. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि लिहिताना ते रडत होते असे सांगतात. मला नेहमी वाटत आले आहे की तो लेख आगरकरांनी वाचायला हवा होता. मृत्युलेखाची अडचणच ही असते, ज्याच्यासाठी लिहिला तोच वाचत नाही.

आता तिसरी सुरत. ती माझ्या मित्राची.

तो खानदेशातला. त्याचे वडील गोव्यात खाणीवर आले होते, मशीन चालवायला. चौथीपर्यंत तो गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आणि पाचवीला आमच्या डिचोली तालुक्यातल्या हायस्कुलात आला. गोव्यात तेव्हा चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, असाच बहुतेकांचा प्रवास. भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव काढलेल्या मराठी शाळांतून आलेली आमच्यासारखी पोरे आणि हा खानदेशी पोरगा, सगळेच इंग्रजीच्या तासाला सारखे बुडालेले. बुडणारे शेवटच्या बाकावर जमतात. तो आम्हाला 'भो' म्हणायचा, त्याच्या अहिराणीत. आम्ही त्याला कोकणी शिव्या शिकवल्या, त्याने आम्हाला ठेचा खायला शिकवला. १९९६ला दहावी झाली. तोही पुढे वडिलांच्या मागे खाणीवर लागला, लग्न झाले, मुलगी झाली, मुलगा झाला.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. वर्तमानपत्रात त्या वेळी महसूल, लूट, पर्यावरण यांवर पुष्कळ आले, आणि ते यायलाच हवे होते. पण ट्रकवाले, मशीनवाले, गॅरेजवाले, खाणावळवाले यांचे काय झाले ते प्रत्येकाच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. माझ्या मित्राने सहा महिने वाट पाहिली आणि मग बिऱ्हाड उचलून गोडादऱ्याला मामाकडे गेला.

गोडादराच का? त्याचे उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी तापी खोऱ्यातून रेल्वे झाली आणि सुरत थेट खानदेशाला जोडली गेली. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव... या मार्गावरचे नवापूर स्टेशन तर १९६०मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा मधोमध कापले गेले. एकाच फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, एक गुजरातेत. एकाच बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असू शकतात! खानदेशात कापूस पिकायचा, अमळनेर-धुळे-जळगावला गिरण्या होत्या. त्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, १९७२चा दुष्काळ पडला, आणि त्याच काळात सुरतेत कृत्रिम धाग्याचे यंत्रमाग वाढत होते. माणसे रुळावरून सरळ खाली उतरली. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा हा सगळा पट्टा अशा माणसांनी भरला. सुरत महापालिका आजही गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्याबरोबर मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. मित्राची मुलगी अशाच एका शाळेत आठवीपर्यंत शिकली. आमच्या गावातली मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली तेव्हा गोडादऱ्यात ही पोरगी मराठी कविता पाठ करीत होती. मला याचे हसू येते आणि वाईटही वाटते.

गोडादरा एकेकाळचे शेतातले गाव. आता सोसायट्या, अरुंद घरे, खाली दुकान वर बिऱ्हाड, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो. पाट्या गुजरातीत, बोलणे अहिराणीत, भांडण हिंदीत. श्रावणात कानबाई बसते तेव्हा नारळाला नथ घालून सजवतात, रोट होतात आणि भाऊबंद ते वाटून खातात. गावाकडे भाऊबंद म्हणजे रक्ताचे. इथे भाऊबंदात गावच्या शाळेतला बरोबरीचाही धरला जातो, असे मामांनी मला सांगितले.

मामा सत्तरीच्या पुढचे. पहिल्यांदा सुरतेला आले तेव्हा चौथीतल्या सोबत्याच्या खोलीवर उतरले. खोलीत आठ माणसे. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यामुळे चौघे कामावर आणि चौघे झोपलेले. अंथरूण कधी थंड झाले नाही, मामा म्हणाले. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक सुरत सोडून पळाले. मामांचा एक सोबती तापाने फणफणला होता, गाडीत घेईनात. मामा थांबले. "प्लेग नव्हताच, मलेरिया होता," ते म्हणाले, "पण तेव्हा काय माहीत?" २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा तोच सोबती नदीकाठच्या भागातून बायकापोरे घेऊन मामांकडे येऊन राहिला. हिशेब असा कोणी मांडत नाही. पण तो जुळतो.

माझा हिशेब मात्र जुळलेला नाही.

२०२१चा एप्रिल. दुसरी लाट. ऑफिसात निम्मी माणसे, उरलेल्यांवर दुप्पट काम. एका दुपारी गोडादऱ्याहून फोन आला. मी कापला. पुन्हा आला. मी मनात म्हटले, रविवारी निवांत करू. तो रविवार यायच्या आत तो गेला. वय एकेचाळीस.

त्याला शेवटपर्यंत पोहोचवले ते चौथीतल्या सोबत्यांनी. घरच्यांना जवळ जाऊ देत नव्हते. चौघे जण स्मशानाबाहेर रांगेत रात्रभर पाळीपाळीने उभे होते, जसे मागावर पाळी लावतात तसे. आम्ही पाचवी ते दहावीचे सोबती गोव्यात होतो, आम्ही पैसे जमवले. पैसे पाठवणे सोपे असते. आमच्यातला एक शिक्षक आहे, त्याने मुलीच्या कॉलेजची फी उचलली ती शेवटच्या वर्षापर्यंत. एकाचे गॅरेज आहे, तो मुलाला सुट्टीत बोलावून काम शिकवतो.

मी काय केले? मी कागद केले. मला तेवढेच येते. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळणार होती. दाखल्यावर मृत्यूचे कारण नीट नोंदलेले नव्हते, त्यासाठी तपासणीचा अहवाल जोडून वेगळा अर्ज. त्यात नावाचा घोळ. गुजरातेत आडनाव आधी लिहितात, आपल्याकडे शेवटी. बँकेत एक, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. एक खाते तर एवढ्यावरून अडून बसले की हे तिन्ही एकच गृहस्थ कशावरून? मी आमच्या हायस्कुलात गेलो, जुने रजिस्टर काढून घेतले. पाचवीच्या पानावर त्याचे नाव आणि त्याच्या खाली माझे. दाखल्याची प्रत, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, सोबतच्या कागदांची यादी, सगळे टपालाने पाठवले. रात्री वहिनी फोनवर एकेक रकाना वाचायच्या आणि मी इकडून सांगायचो. काम व्हायला काही महिने लागले, पण झाले. आयुष्यभर लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत केले, त्या वर्षी पहिल्यांदा त्रुटी कोणाच्या घरात जाऊन बसते ते पाहिले.

लग्न छान झाले. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, मांडवात बँडचा कानठळ्या बसवणारा आवाज. मुलीच्या बाजूने आहेर देताना नावे पुकारीत होते. 'मामाकडचे', 'काकाकडचे' झाल्यावर पुकारणाऱ्याला आम्हाला काय म्हणावे कळेना. शेवटी म्हणाला, "गोव्याचे!" बस्स, तेवढेच.

पाठवणी झाल्यावर मांडव उसवत होते तेव्हा मी वहिनींना त्या फोनचे सांगितले. साडेचार वर्षे घशात अडकलेले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी त्यांनी खूप जणांना लावले होते. कोणी उचलला, कोणी नाही. त्याच आठवड्यात माझ्या भावाचा फोन मीही उचलला नव्हता. तो बरा झाला, म्हणून मला कोणी विचारत नाही."

ही माफी होती की नाही, मला ठरवता आले नाही. त्यांनी चहा आणायला सांगितला, विषय संपला.

परतीच्या गाडीत मी सुरतेच्या तिन्ही गोष्टी मनात लावून पाहत होतो. पहिल्या सुरतेचा आपल्याला अभिमान आहे, तो असावा. पण इतिहास लिहिणारे लुटीची मोजदाद ठेवतात. खोलीत आठवा माणूस कोणी घेतला, तापातल्या सोबत्याजवळ कोण थांबले, याची बखर कोणी लिहीत नाही. नेविन्सनने पसरलेले दोन हात टिपले म्हणून गोखले-टिळकांचे ते नाते आपल्याला दिसले, नाहीतर फक्त जोडा उरला असता. सोबत्याशी पटलेच पाहिजे असे नाही. टिळक-आगरकरांचे पटले नाही, आमच्यातही दोघे राजकारणावरून वर्षभर बोलत नव्हते. पण हात वेळेवर पसरायचे असतात. मृत्युलेख कितीही चांगला उतरला तरी तो उशिराच पोहोचतो.

आता आमच्यात एक रीत पडली आहे. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने एकाला तरी फोन करायचा, कारण नसताना. आणि कामाच्या वेळी आलेला फोन कापायचा नाही, उचलून निदान "ऑफिसात आहे रे, बरा आहेस ना?" एवढे विचारायचे. त्याला दहा सेकंद लागतात. मी मोजले आहेत.

हे लिहीत असतानाच गोडादऱ्याहून मुलाचा फोन आला होता. त्याला आयटीआयचा फॉर्म भरायचा आहे, नाव कसे लिहू म्हणून विचारत होता. मी म्हटले, दाखल्यावर आहे तसेच लिही बाबा, एक अक्षर इकडचे तिकडे करू नकोस!