घाम आणि गाणे : शाहीर अमर शेखांची जीवनदृष्टी

मराठी मुसलमानाला आयुष्यात एकदा तरी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. ऐकणाऱ्याला मात्र आपण या मातीत पाहुणे आहोत की काय, असे क्षणभर वाटून जाते. या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या एका गरीब मुस्लीम घरात मराठी ओव्या गाणाऱ्या मुनेरबींपाशी ते मिळते. त्यांचा मुलगा मेहबूब हुसेन पटेल २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मला. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो.

गरिबीमुळे मेहबूबचे शिक्षण पुरे होऊ शकले नाही. त्याने मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत कामगार म्हणून घाम गाळला. गिरणी कामगारांच्या संपात तो पुढे राहिला आणि तुरुंगात गेला. तिथेच त्याची कम्युनिस्ट विचारांशी ओळख झाली. पुढे पोटासाठी तो कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत आला आणि तिथे 'अमर शेख' हे नाव त्याला मिळाले. या नावातला पहिला शब्द संस्कृतातून आलेला, दुसरा अरबीतून. दोन्ही शब्द मराठी माणसाच्या तोंडात इतके सहज बसले की त्यांत जोड आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या समाजाचा या भूमीवरचा शेकडो वर्षांचा वावर या एका नावात सामावला आहे.

१९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचे अण्णा भाऊ मुंबईच्या गिरणीत राबलेले, अमर शेख बार्शीच्या. राबणाऱ्यांची भाषा या मंडळींना शिकावी लागली नाही. चाळीत, गिरणीच्या दाराशी, शेतकऱ्यांच्या सभेत ते उभे राहत आणि समोर बसलेल्यांचेच जगणे त्यांना गाऊन दाखवत. महागाई, सावकाराचे कर्ज, गावी राहिलेली बायको, मुंबईतली भाड्याची खोली, असे हे विषय होते. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही रचना अमर शेखांच्या पहाडी आवाजातून घराघरांत पोहोचली. दुसऱ्याने लिहिलेले शब्द आपल्या गळ्याने मोठे करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गिरणीत एकाने सूत काढावे आणि दुसऱ्याने कापड विणावे, तसे हे काम होते.

त्यांच्या जीवनदृष्टीचे मर्म मला इथे दिसते. कला हे फुरसतीचे काम आहे, पोटापाण्याची ददात मिटल्यावर करायची गोष्ट आहे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. अमर शेखांच्या आयुष्यात गाणे आणि श्रम असे वेगळे झालेच नाहीत. ते संपात उतरले तसेच कवितेतही उतरले. 'अमरगीत' (१९५१), 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे संग्रह, 'पहिला बळी' हे नाटक. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात त्यांनी कुंभार रंगवला, म्हणजे पडद्यावरही ते हातांनी राबणारेच राहिले. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या दृष्टीची खरी कसोटी लागली. १०६ जणांनी त्या लढ्यात प्राण दिले. त्या काळात अमर शेखांचा डफ गावोगाव घुमला. फाळणीला अजून दहा वर्षेही झाली नव्हती आणि मुसलमानाकडे संशयाने पाहण्याची सवय देशात रुजत होती. अशा वेळी मराठी भाषेच्या राज्यासाठी बेंबीच्या देठापासून गाणारा हा माणूस मुसलमान होता. आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी तो गात नव्हता. ती भाषा त्याच्या अम्मीची होती, मग तिच्यासाठी गाताना परवानगी कुणाची घ्यायची? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. त्यांच्या कन्या, कवयित्री मलिका यांनी वडिलांचे पूर्ण नावच आपल्या नावापुढे लावून मराठी कवितेत ते जागते ठेवले.

आपण त्यांचे काय केले? मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा 'बुलंद आवाज' एवढेच विशेषण येते. आवाजाचे कौतुक करून कवीला बाजूला सारले जाते. दुसरीकडे आपल्या समाजातही हा डफवाला, लाल बावट्याचा माणूस म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. दोन्ही घरांनी त्यांना ओसरीवरच बसवले, हे कबूल करायला हवे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले, ते अमर शेखांच्याच जिल्ह्यात. आपल्या लिहिण्याला तेव्हा एक व्यासपीठ मिळाले, पण वाट त्याआधीच पडलेली होती. भिवंडी-मालेगावच्या मागावर, एखाद्या गॅरेजात, रिक्षाच्या हँडलवर ज्या पोरांचे हात आज काळे होतात, त्यांना साहित्य हे शिकल्या-सवरल्यांचे काम वाटते. त्यांच्यापर्यंत मोटारीवरच्या या क्लीनरची गोष्ट कुणीतरी पोहोचवली पाहिजे. आपले रोजचे जगणे लिहिण्याजोगे आहे आणि ते लिहिण्याची भाषा आपल्या घरातच आहे, हे त्यांना त्यातून कळेल. मग "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" असे कुणी विचारलेच, तर त्या पोराने मुनेरबींचे नाव सांगावे.